काजळीचा पान्हा

भावगीर महाराजांचा मुक्काम त्या वर्षी वेळवाडीस होता. गाव डोंगराच्या कुशीत, आणि गावाच्या माथ्यावर कातळाचे मैलभर सपाट पठार. त्याला तिकडे सडा म्हणतात. श्रावण सरला की या सड्यावर गुडघाभर गवत उभे राहते. महाराज गावाबाहेरच्या भैरोबाच्या देवळात उतरले होते. अंगावर एक घोंगडी, हातात काठी, बोलणे थोडे. महाराजांच्या लीला पुष्कळ. पण वेळवाडीच्या सड्यावर एका दुपारी जे घडले ते सांगताना आमची जीभ अजून अडखळते. ज्या म्हाताऱ्यांकडून आम्ही हे ऐकले, ते सांगता सांगता मध्येच थांबत आणि हातावर उभा राहिलेला काटा दाखवीत.

सड्यावर एकच घर होते. नवलू येडगे नावाच्या गवळी धनगराचे. घरात तो, त्याची बायको ठकूबाई आणि दाराशी पाच म्हशी. नवलूची रीत साधी. उजाडले की म्हशी मोकळ्या सोडायच्या, त्या चरतील तिकडे आपण हिंडायचे, त्या डबक्यात बसल्या की आपण काठावर बसायचे. दूध काढताना कासेचे दोन सड रेडकाला, दोन घराला. उरलेल्या दुधातली एक लहानशी चरवी तो रोज महाराजांकडे घेऊन येई. महाराज त्यातले घोटभर घेत आणि बाकीचे जमलेल्यांना देत.

गावात आबासाहेब इंगवले म्हणून मोठे असामी होते. त्यांच्या गोठ्यात तीस म्हशी. तालुक्याच्या गावाला दूध जाई ते त्यांचे. गोठा चारी बाजूंनी भिंतीने बंद होता, आणि जागा अशी बेताची की म्हशीला उभे राहता येई, बसता येई, वळता मात्र येत नसे. एकदा दाव्याला बांधलेली म्हैस पुन्हा ऊन पाहत नसे. रेडकांना पाजणे आबासाहेबांना परवडत नव्हते; ती आठ-पंधरा दिवसांत मरत. मग मेलेल्या रेडकाचे कातडे सोलून त्यात पेंढा भरीत, ते चार काठ्यांवर उभे करून म्हशीपुढे ठेवीत. म्हैस त्याला चाटी, पान्हा सोडी आणि गडी धारा काढून घेई.

एके दिवशी देवळात नवलू चरवी घेऊन बसला असता आबासाहेब दर्शनाला आले. चरवीत डोकावून ते मोठ्याने हसले.

"काय रे नवल्या, तू म्हशी राखतोस का म्हशी तुला राखतात? पाच जनावरं आणि दूध एवढंच?"

"आबासाहेब, दूध पयलं तिच्या पोराचं," नवलू खाली मान घालून म्हणाला. "उरंल ते आमचं."

"जनावराला काय कळतंय, पोर कुठलं आणि पेंढा कुठला!"

मंडळी हसली. महाराज हसले नाहीत. ते म्हणाले, "आबासाहेब, तुमच्या गोठ्यात आम्हाला कधी बोलावलं नाहीत?"

"तिथला वास सोसवायचा नाही महाराज तुम्हाला," असे म्हणून आबासाहेबांनी विषय बदलला.

पुढे भाद्रपदात नवलूच्या घरावर आभाळ कोसळले. त्याची एकुलती लेक सगुणा माहेरी बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली, आणि तिसऱ्या दिवशी सगुणा गेली. ठकूबाईने लेकीचे दुःख गिळले आणि तान्ह्या नातीला उराशी धरले. घरात त्या वेळी दुभती म्हैस एकच, काजळी. बाकीच्या गाभण होत्या. काजळीच्या दुधात पाणी घालून ठकूबाई कापसाच्या बोळ्याने ते नातीच्या ओठांवर पिळी. पोर त्यावर महिनाभर जगली, बाळसे धरू लागली.

आणि एका सकाळी गवतात काजळीच्या रेडकाला फुरसे चावले. नवलू धावत पोहोचेपर्यंत रेडकू आडवे झाले होते. काजळी त्याला नाकाने ढोसत होती, उठवत होती. ते उठले नाही.

त्या दिवसापासून काजळीने गवताला तोंड लावले नाही. सारखी रेकत राही. कासेला कोणी हात लावू म्हटले तर शिंगे रोखी. ज्याच्या हाताखाली ती वाढली त्या नवलूलाही तिने उडवले. त्याची बरगडी दुखावली. दूध बंद झाले. गावातल्या एका बाईने शेळीचे दूध आणून दिले, ते तान्हीने ओकून टाकले. नवलू आबासाहेबांच्या दारी गेला, हात जोडून उभा राहिला. त्यांनी हसतहसत तांब्याभर दूध दिले. तेही पोराच्या पोटात ठरले नाही. तिसऱ्या दिवशी तान्हीचे रडणे मांजराच्या पिलासारखे बारीक झाले, आणि दुपारपर्यंत तेही थांबले.

ठकूबाईने पोर पदरात गुंडाळले आणि ती सडा उतरून देवळात आली. तिला रडताही येत नव्हते. "महाराज, माझी लेक गेली. आता तिची एवढी निशाणी ऱ्हायलीया, तीबी चालली," एवढेच ती बोलली.

महाराजांनी अंगारा दिला नाही, मंत्र म्हटला नाही. घोंगडी खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "चल आई, वर जाऊ."

इकडे 'आबासाहेबांचे दूध पोराला सोसले नाही' असे गावभर झाल्याचा आबासाहेबांना राग आला होता. 'या नवल्याला आता दाखवतोच,' म्हणून त्यांनी गोठ्यातले एक पेंढ्याचे रेडकू गड्याच्या खांद्यावर दिले आणि वीस-पंचवीस माणसे घेऊन ते सड्यावर निघाले. महाराज आणि ठकूबाई पोहोचली तेव्हा काजळीपुढे ते बुजगावणे उभे होते. डोळ्यांच्या जागी भोके, पोटाची शिवण उसवून पेंढा बाहेर आलेला. आणि मध्ये हात पसरून नवलू.

"आबासाहेब, पाया पडतो. तिला फसवू नगा. तिचं पोर गेलंय, तिला ठावं हाय. मेल्यालं पोर पुन्यांदा दावायचं व्हय तिला?"

"अरे गाढवा, तुझी नात मरतेय! म्हशीची माया बघतोस, नातीची नाही?"

नवलूने बायकोकडे पाहिले. ठकूबाईने पदर सारून पोराचे तोंड त्याला दाखवले. "सरा बाजूला," ती म्हणाली. "लावू द्या. माज्यानं आता बघवत न्हाई."

काय करील तो बापडा! नवलू बाजूला झाला आणि त्याने तोंडावर पटका धरला. गडी भांडे घेऊन कासेशी बसला. काजळीने मान लांब करून त्या कातड्याचा वास घेतला. तिचे रेकणे थांबले. "बघा!" आबासाहेब लोकांकडे वळून म्हणाले. "काय सांगत होतो मी?"

"थांबा," महाराज म्हणाले. ते पुढे झाले आणि त्यांनी त्या पेंढ्याच्या रेडकाच्या कपाळावर हात ठेवला. "हे कातडं ज्याचं होतं, त्याला आधी विचारू."

आणि ते रेडकू हंबरले!

श्रोतेहो, त्याला घसा नव्हता. जीभ नव्हती. पोटात भाताचा पेंढा होता. तरी त्यातून तान्ह्या रेडकाचा आवाज आला. भुकेला, चिरका, आईला बोलावणारा. एकदा, दोनदा, तीनदा. कासेशी बसलेल्या गड्याच्या हातून भांडे निसटून कातळावर खणखणत गेले. एक बाई मटकन खाली बसली. काजळी चार पावले मागे सरली आणि कान टवकारून उभी राहिली.

मग खाली गावातून उत्तर आले. भिंतीआडच्या तीसही म्हशी एका वेळी रेकल्या. तो आवाज डोंगराला धडकून सड्यावर आला तेव्हा पायांखालचा कातळ हलल्यासारखा वाटला. आबासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. "हे काय... हे काय..." एवढेच ते पुटपुटत राहिले.

थोड्या वेळाने कोणीतरी बोट दाखवले. गावाकडून सड्यावर येणाऱ्या वाटेने काळे काहीतरी वर चढत होते. ती म्हैस होती, आबासाहेबांच्या गोठ्याचे मागचे दार मोडून आलेली. गळ्यात तुटलेले दावे, वाढून वाकडे झालेले खूर, त्यामुळे दर पावलाला अडखळत होती. कित्येक वर्षांत ऊन न पाहिलेले तिचे डोळे मिटमिटत होते, त्यांतून पाणी वाहत होते. लोक आपोआप बाजूला झाले. कोणाकडेही न पाहता ती सरळ त्या कातड्यापाशी आली. तिने त्याला हुंगले आणि चाटायला सुरुवात केली. मान, पाठ, पोट. उसवलेली शिवण तिच्या जिभेने आणखी उसवली. पेंढा भसकन बाहेर पडला. ती थबकली. मग तिने त्या पेंढ्यात तोंड खुपसले आणि ती शोधू लागली. नाकाने पेंढा उजवीकडे सारी, डावीकडे सारी, पुन्हा शोधी. सगळा पेंढा वाऱ्यावर पसरला, कातडे रिकामे झाले, तरी ती शोधतच होती.

गावातली कणखर माणसे ती. पण एकाच्यानेही तिकडे बघवेना. आबासाहेब मात्र बघत होते. त्यांना नजर हलवता येत नव्हती.

महाराज ठकूबाईकडे वळले. "आई, पोर दे इकडे."

महाराजांनी घोंगडी काजळीच्या पुढ्यात अंथरली आणि तान्हीला तीवर ठेवले. काजळीच्या शिंगांखाली, वीतभर अंतरावर! ठकूबाईने किंकाळी फोडली. नवलू पुढे धावला, पण महाराजांनी काठी आडवी धरली.

काजळीने मान खाली घातली. तिच्या श्वासाने घोंगडीची दशी हलली. मग तिने आपली खरखरीत जीभ हळूच बाहेर काढली आणि तान्हीच्या टाळूवरून फिरवली. पुन्हा फिरवली. त्या स्पर्शासरशी दुपारपासून गप्प पडलेले पोर टाहो फोडून रडले. आणि काजळीच्या चारही सडांतून, कोणी हात लावलेला नसताना, दूध गळू लागले! कातळाच्या खळग्यांतून पांढरे ओघळ वाहिले.

"काय बघत उभा राहिलास?" महाराज म्हणाले. "नातीला भूक लागलीय."

नवलू धावत जाऊन चरवी घेऊन आला. दोन धारा काढल्या आणि मध्येच थांबून त्याने विचारले, "महाराज, ह्येबी फसीवनंच न्हवं का?"

"नाही रे. तिला खरं लेकरू दाखवलं, खरं भुकेलं. काय करायचं ते तिचं तिनं ठरवलं."

ठकूबाईने बोळा दुधात बुडवून तान्हीच्या ओठांवर धरला. पोर चुटुचुटु दूध पिऊ लागले, आणि या वेळी ते पोटात ठरले. महिनाभर अडवून धरलेले ठकूबाईचे रडणे तेव्हा बाहेर आले.

आबासाहेब अजून तिथेच होते. ती दुसरी म्हैस रिकाम्या कातड्याशी मान घालून उभी होती. ते तिच्याकडे चालत गेले. तिने शिंगे उगारली नाहीत. त्यांचा हात पुढे येताना पाहून ती नुसती अंग चोरून मागे सरली. मार चुकवावा तशी. तिला चुचकारावे म्हणून आबासाहेबांनी तोंड उघडले आणि ते तसेच उघडे राहिले. इतकी वर्षे तिचे दूध घेतले, पण तिला हाक काय म्हणून मारायची हे त्यांना ठाऊक नव्हते. गोठ्यातल्या तिसांपैकी एकीलाही नाव नव्हते.

आबासाहेब महाराजांकडे वळले. डोक्यावरचा फेटा सुटून कातळावर पडला. ते महाराजांच्या पायांवर कोसळले.

"महाराज, मला शिक्षा करा!"

"शिक्षा करणारा मी कोण?" महाराज म्हणाले. "उठा, गोठ्याची दारं उघडा. दावी सोडा."

"आणि त्या बाहेर आल्याच नाहीत तर?"

"तर दारात बसून राहा. येतील तेव्हा येतील."

आबासाहेबांनी आपल्या गड्याला गावाकडे पिटाळले आणि दारे उघडायला सांगितले. स्वतः मात्र ते गेले नाहीत. नवलूकडे वळून त्यांनी हात जोडले. गावाने त्यांना असे कधी पाहिले नव्हते. "नवलूदादा," ते म्हणाले, "हिला काय म्हणून हाक मारू?"

नवलूने मान हलवली. "आज हाक नगं, आबासाहेब. आज नुसतं तिच्याजवळ बसा. हात बी लावू नगा."

आबासाहेब इंगवले, तीस म्हशींचे धनी, त्या उघड्या कातळावर मांडी घालून बसले. लोक एकेक करून पांगले. उन्हे कलली. ती म्हैस बराच वेळ तशीच उभी होती. मग तिने एक पाऊल टाकले, थांबली, भोवतीच्या गवताकडे पाहिले. ते काय आहे हे तिला आठवत नसावे. शेवटी तिने मान खाली घातली आणि एक घास तोडला.

तो चरचर आवाज कानी पडताच आबासाहेबांनी पुन्हा कपाळ जमिनीला टेकवले आणि बराच वेळ वर उचलले नाही. या वेळी त्यांच्यासमोर महाराज नव्हते. महाराज केव्हाच सडा उतरून गेले होते.