मैनी बोलू लागली

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. त्या गावात बांबूच्या टोपल्या विणणारी सगुणा राहायची. नवरा टोपल्या घेऊन बाजारोबाजार फिरे आणि सगुणा घरी विणत बसे. त्यांना मैनी नावाची तीन वर्षांची लेक होती.

मैनी रडली की सगुणा तिच्या हातात मोबाईल द्यायची. जेवताना मोबाईल, अंघोळीनंतर मोबाईल. पोर तासन् तास हलायची नाही.

"गुणाची गं तुझी मैनी," शेजारणी म्हणायच्या. सगुणा सुखावायची.

एके दिवशी मैनी सकाळपासून रडू लागली. मोबाईल दिला, तरी थांबेना. सगुणाने पोट चोळलं, दृष्ट काढली. शेवटी तिला कडेवर घेऊन ती दवाखान्यात गेली.

"कुठं दुखतंय, बाळा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मैनी नुसती बघत राहिली.

बाईंनी तपासलं. "अगं, कान आतून सुजलाय हिचा. चार दिवस तरी ठणकत असेल. बोलली नाही?"

"नाही हो."

"एरवी काय काय बोलते?"

सगुणा आठवू लागली. 'आई' आणि 'दे'. तिसरा शब्द काही आठवेना.

"औषधाने कान बरा होईल," बाई म्हणाल्या. "मग एकदा ऐकू नीट येतंय ना तेही बघू. पण बोलणं शिकायला समोर बोलणारं माणूस लागतं, सगुणा. मोबाईल बोलतो, पण हिचं ऐकत नाही."

मैनीचा कान बरा झाला. ऐकूही नीट येत होतं. सगुणाने मोबाईल उंच फळीवर ठेवून दिला.

मग मैनीने घर डोक्यावर घेतलं. ताट ढकललं, जमिनीवर लोळली. त्यातच गावातल्या एका लग्नघरी वीस टोपल्या द्यायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी सगुणाचा हात फळीकडे गेलाच. पण तिने तो मागे घेतला. लग्नघरी जाऊन ती म्हणाली, "दहाच होतील माझ्याच्याने. बाकीच्या दुसरीकडून घ्या."

घरी येऊन तिने मैनीला शेजारी बसवलं, गुळगुळीत केलेली बांबूची एक कामटी तिच्या हातात दिली आणि विणता विणता बोलू लागली.

"ही वर, ही खाली. ही वर, ही..."

बरेच दिवस उत्तर आलं नाही. सगुणा आपली बोलतच राहिली. कोंबडीबद्दल, पावसाबद्दल, चुलीवरच्या भाताबद्दल.

एका दुपारी मैनीने कामटी उचलली. "खाली," ती म्हणाली.

सगुणाने विणकाम टाकून तिला छातीशी धरलं.

दिवाळीच्या सुमारास नवरा बाजाराहून परतला. डोक्यावरचं ओझं उतरवायच्या आत मैनी धावत आली.

"बाबा, खार आली! टोपलीत बसली! शेपूट एवढी मोठ्ठी!"

"अहो, ओझं तरी उतरवा आधी," सगुणा हसत म्हणाली.

"थांब गं," तो तसाच उभा राहून म्हणाला, "खारीचं पुढं काय झालं ते ऐकू दे."

तात्पर्य: लेकराला गप्प बसवायला एक मोबाईल पुरतो, बोलतं करायला आपल्याला त्याच्याजवळ बसावं लागतं.