माठाला दिलेली थाप

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नक्की किती ते विचारू नका, माझ्या आजीलाही ते माहीत नव्हतं, आणि तिला विचारलं की ती चिडायची. आमच्या चिंचणखेडात तेव्हा घरोघर रहाट फिरायचा. भाकऱ्या झाल्या, चूल विझली, की बाई कापसाचे पेळू घेऊन रहाटापाशी बसायची आणि सूत काढायची. ते सूत निळारणीकडे जायचं, निळं होऊन साळ्याच्या मागावर चढायचं आणि लुगडं होऊन पुन्हा त्याच बाईच्या अंगावर यायचं. म्हणून त्या काळी गावातल्या बायका एकमेकींच्या लुगड्याकडे बघून सांगू शकायच्या की कुठलं सूत कोणाच्या हातचं.

गावची निळारीण होती आवडा. तिच्या अंगणात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला निळीचा माठ होता. नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचं शिजवलेलं बी, एवढं त्यात पडायचं आणि मग तो आंबायचा. वास असा की नवा माणूस नाक धरून पळायचा. पण माठ चांगला लागला की वर तांब्याच्या रंगाची साय यायची. त्यात बुडवलेली सुताची लडी बाहेर काढताना हिरवी दिसायची, आणि वारा लागला की बघता बघता निळी व्हायची. आवडाच्या सासूच्या सासूपासून तो माठ एकदाही कोरडा पडला नव्हता, असं म्हणतात.

आता निळीचा माठ मोठा लहरी असतो. कधी तो रुसतो. मग सूत बुडवा नाहीतर घोंगडं बुडवा, बाहेर येतं ते राखेच्या रंगाचं. अशा वेळी निळारी लोकांचा एक उपाय होता. माठाला थाप द्यायची. परगावच्या माणसांना वाटायचं, हे हाताने माठ थोपटतात. तसं नाही. थाप म्हणजे थापच. चारचौघांत जाऊन एक खोटी बातमी सोडायची, आणि लोकांनी ती खरी मानली, की माठ हसतो आणि रंग धरतो. त्याचे नियम दोन. थापेत कुणा माणसाचं नाव घ्यायचं नाही, आणि थाप आपली होती हे कधी सांगायचं नाही. सांगितलं, की माठ मरतो.

दुसरी बाई होती गोजरा. विधवा, एकटी, रहाटावर जगणारी. तिच्यासारखं बारीक सूत पंचक्रोशीत कुणाचं नव्हतं. तिचा धागा तुटायचाच नाही. म्हणून गावात मूल जन्मलं, की त्याच्या कमरेचा करदोडा गोजराच्या सुताचा असायचा. ती सूत काढायची, चार पदरी वळायची, आणि आवडा तो सात वेळा निळीत बुडवायची. सात वेळा बुडवलं की निळा काळाच दिसतो. गावातलं एकूण एक पोर ह्या दोघींचा करदोडा बांधून रांगायला शिकलं. दोघी मैत्रिणी होत्या. एकीचं हळदीकुंकू दुसरीशिवाय होत नव्हतं असं मी म्हणणार होते, पण गोजराला हळदीकुंकवाला बोलवत नसत. आवडा तिला दुसऱ्या दिवशी उरलेली डाळ नेऊन द्यायची.

एका वर्षी ऐन लग्नसराईत माठ रुसला. साळी सुतासाठी खोळंबले होते. आवडाने पहिली थाप दिली की खालच्या ओढ्यात मेंढीला दोन तोंडांचं कोकरू झालं. बायका हसल्या. म्हणाल्या, "आवडे, माठ बिघडला व्हय गं?" गावाला सवय झाली होती ना. दुसरी थाप दिली, तिसरी दिली. कुणी खरी मानेना. साळी म्हणाले, आम्ही पलीकडच्या गावच्या निळाऱ्याकडे जातो. तीन पिढ्यांचा माठ आपल्या हातात मरणार, ह्या भीतीने आवडाचं डोकं चालेना.

त्या मंगळवारी ती ओढ्यावर धुणं धूत होती. शेजारच्या दगडावर एक बाई होती, कोण होती ते गावाने मुद्दाम विसरून टाकलं आहे. आवडा तिला हळूच म्हणाली, "गोजराच्या सुतात मेलेल्या माणसाचे केस असतात म्हणं. म्हणून धागा तुटत न्हाई. कुणीतरी बोलत व्हतं बाई, खरं का खोटं देव जाणे."

ह्यात नाव होतं. आजवर कुठल्याच थापेत नाव नव्हतं, म्हणून ही थाप आहे असं कुणाला वाटलंच नाही. बुधवारी सकाळी माठावर बोटभर जाड तांब्याची साय आली होती.

आवडाला वाटलं होतं, दोन दिवसांत विरून जाईल. गुरुवारी एकीने गोजराची लडी परत पाठवली. शुक्रवारी दुसरीने पोराच्या कमरेचा करदोडा विळीवर कापला. मग घराघरांतून कापले गेले आणि वेशीबाहेर काटेरी बाभळीखाली टाकले गेले. गोजरा सरपणाला गेली तेव्हा तिला ते दिसले. त्यातला एकेक तिने ओळखला असणार. आपल्या हातचं कोण ओळखत नाही? ती तिथेच खाली बसली आणि तिच्याने कितीतरी वेळ उठवलं नाही, असं म्हणतात.

शनिवारी ती आवडाच्या अंगणात आली. तिच्या मागे कुंपणापलीकडे बायका जमल्या. आवडा माठावर वाकलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत निळीत.

गोजरा म्हणाली, "आवडे, माझं सूत तुझ्या हातावरनं जातं. वल्लं झालं की सूत काय लपवतं गं? तूच सांग ह्यांना. कदी केस दिसला का तुला?"

आवडाने मान वर केली नाही. ती म्हणाली, "हात गुंतल्यात बाई. मग बोलू."

गोजरा म्हणाली, "बरं. थांबते मी."

आणि ती थांबली. आवडाच्या हातातली लडी सात वेळा बुडवून झाली. हात बाहेर काढावे लागतील, म्हणून तिने ती आठव्यांदा बुडवली. नवव्यांदा बुडवली. अकराव्यांदा, बाराव्यांदा. ऊन डोक्यावर आलं. बोलावं तर माठ जातो, आणि न बोलावं तर समोर गोजरा उभी. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती, आणि तरी तिने लडी पुन्हा बुडवली. हे सांगताना माझी आजी पदराने तोंड पुसायची.

शेवटी गोजरा वळली. घरी गेली, रहाट डोक्यावर घेतला आणि गाव सोडून चालती झाली. कुणी आडवं गेलं नाही.

त्यानंतर माठ कधीच रुसला नाही. गूळ घाला नाहीतर नका घालू, टाकळा घाला नाहीतर नका घालू, रंग असा चढायचा की साळी लांबून लांबून येऊ लागले. आवडाच्या हाताला गुण आहे, म्हणू लागले. तिच्या हातांची नीळ मात्र धुऊन जाईना. चिंच लावली, राख लावली, दगडाने घासलं. नीळ रोज बोटभर वर सरकायची, असं म्हणतात.

मग एके दिवशी गावातल्या लेकराबाळांच्या घरातली एक सासू खण, नारळ आणि तांदूळ घेऊन आवडाच्या दारात आली. तिने आवडाची ओटी भरली. म्हणाली, "तू त्या दिवशी गप बसलीस, त्यातच आमी काय ते वळखलं. मैत्रीण असून तिची बाजू घेतली न्हाईस. तुझ्यामुळं आमची पोरं वाचली बघ."

आवडाने ते तांदूळ शिजत घातले. पाणी उकळलं, दुसरं घातलं, तेही उकळून गेलं, तांदूळ कच्चेच. तिने चुलीतली लाकडं ओढली, कच्चे तांदूळ पदरात घेतले आणि तडक गावच्या विहिरीवर गेली. भर सकाळ होती. सगळ्या बायका पाण्याला आलेल्या. आवडा विहिरीच्या काठावर उभी राहिली आणि ओरडून म्हणाली, "गोजराच्या सुतात केस न्हवता! ती थाप व्हती. माठाला दिलेली. मी दिली."

ती शेवटचा शब्द बोलली आणि विहिरीवरच्या सगळ्या बायकांच्या लुगड्यांची नीळ उतरली. काठ पांढरे, पदर पांढरे, निऱ्या पांढऱ्या. नवरे जिवंत असलेल्या बायका विधवांसारख्या पांढऱ्याधोट होऊन एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी काही जणी आवडाला शिव्या द्यायला सरसावल्या होत्या. पण करदोडा कापलेली विळी प्रत्येकीच्या घरात होती. एकीने हंडा खाली ठेवला आणि तोंड झाकून घेतलं, मग दुसरीने. त्या दिवशी चिंचणखेडात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. पुरुषांनीही नाही, कारण त्यांनी हे सगळं बघून न बघितल्यासारखं केलं होतं. गावाची सगळी नीळ गेली ती आवडाच्या हातांवर, पार खांद्यापर्यंत, असं म्हणतात. अंगणातला माठ स्वच्छ पाण्याने भरलेला निघाला. तळ दिसत होता.

आवडा गोजराला शोधायला निघाली. पहिल्या गावी पोचली तर थाप तिच्या आधी पोचलेली. तिथे मेलेल्या माणसाचे केस नव्हते, मसणातले होते. दुसऱ्या गावी गोजरा ते स्वतः उपटून आणायची. तिसऱ्या गावी तर गोजराचे पायच उलटे होते. जिथे जाईल तिथे आवडा विहिरीवर उभी राहायची, निळे हात वर करायची आणि तेच सांगायची. कुणी ऐकायचं, कुणी खडे मारायचं. कुणी म्हणायचं, ही वेडी कोण? ती एक गाव नीट करायची तोवर थाप पुढच्या गावी गेलेली असायची.

नवव्या गावापुढे माळावर धनगरांचा मेंढरांचा वाडा होता. तिथे गोजरा चातीवर लोकर कातत बसली होती. थाप तिथेही आली होती. पण धनगरणी हसून म्हणाल्या होत्या, "केस? अवं बाई, आमचं सगळं सूत केसांचंच हाय की!" आणि त्यांनी तिला ठेवून घेतलं होतं.

आवडा तिच्या पुढ्यात बसली. वाटेने घोकलेलं सगळं विसरली. एवढंच म्हणाली, "गोजरे, मी बोलले व्हते. मीच."

गोजराने चाती थांबवली नाही. म्हणाली, "मंगळवारी माठ बसलेला, बुधवारी उठला. मला कळायला किती वेळ लागतो? मी त्या दिवशी तुला इचारायला न्हवते आले आवडे. तुला बोलायला जागा द्यायला आले व्हते. दुपारपातूर दिली."

आवडा रडली. "घरी चल," म्हणाली. गोजराने मान हलवली. "मग 'असू दे' एवढं तरी म्हण," आवडा म्हणाली.

"ते मला म्हणता यायचं न्हाई," गोजरा म्हणाली. "पर चालत आलीस, ते बरं केलंस." मग ती उठली, टोपलीतली भाकर काढली, अर्धी मोडून आवडाच्या निळ्या हातावर ठेवली. दोघींनी भाकर खाल्ली. ह्याच्यापुढे त्या काय बोलल्या ते कुणाला ठाऊक नाही.

गोजरा परत आली नाही. आवडाही आली नाही. थाप पुढे गेली होती ना. आवडा तिच्या मागे गेली. ती अजून चालते आहे, आणि अजून थापेच्या एक गाव मागेच आहे, असं म्हणतात.

आमच्या गावात आता रहाट नाहीत. निळाऱ्यांची घरंही राहिली नाहीत. पण माघातल्या पहिल्या बुधवारी आम्ही आवडाईचा दिवस पाळतो. त्या दिवशी ज्याच्याबद्दल आपण मागे काही खोटं बोललो असू, त्याच्या दारात जायचं आणि ते त्याच्या तोंडावर सांगायचं. एका वाक्यात. कारणं सांगायची नाहीत. ऐकणाऱ्याने "असू दे" म्हणायचं नाही, त्या शब्दांना त्या दिवशी गावात बंदी आहे. वाटलं तर त्याने अर्धी भाकर हातावर ठेवायची. ठेवली तर तिथेच खायची, नाही ठेवली तर घरी यायचं. मागे एकदा आमचे पाटील स्वतःच्या भावाच्या दारात गेले होते, आणि तसेच रिकाम्या हाताने परत आले. संध्याकाळी ते पारावर बसले तेव्हा कुणी त्यांची थट्टा केली नाही. नाहीतर आमचं गाव थट्टेला सोडणारं नाही.

तुम्ही विचाराल, तू जातेस का? दर वर्षी निघते मी. माझ्या धाकट्या जावेचं घर माझ्या घरापासून वीस पावलांवर आहे. तिच्या लेकीचं जमलेलं लग्न का मोडलं ते तिला माहीत नाही, मला माहीत आहे. यंदाही अंघोळ करून गेले. तिने दार उघडलं, "या अक्का" म्हणाली. मी तिच्याकडे विरजण मागितलं आणि ते घेऊन घरी आले.