लख्ख पत्रावळी

फार फार वर्षांपूर्वी, ज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही अशा एका राज्यात, राजाच्या मुदपाकखान्यात एक आचारी होता. त्याच्या नुसत्या फोडणीच्या वासानं दरबारातली माणसं चुळबुळ करू लागत.

पुढे राजा म्हातारा झाला, त्याची भूक गेली. भरलेलं ताट जसंच्या तसं परत येऊ लागलं. आचाऱ्याला ते फार लागलं. एके दिवशी त्यानं झारा खाली ठेवला आणि तो नदीपलीकडच्या विद्यापीठात स्वयंपाकाला गेला.

तिथं तीनशे विद्यार्थी पंगतीला बसत. जुनी शिस्त अशी, की वाढताना ‘पुरे’ म्हणायचं, ‘आणखी’ म्हणायचं नाही. आचाऱ्याचा हात मात्र राजवाड्यातलाच राहिला. भाताची एक सुबक मूद, वर चार थेंब तूप, कडेला नखाएवढी चटणी. राजापुढे अशा मुदीभोवती वीस वाट्या असत. इथं दोनच द्रोण होते, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

जेवणं झाली की तो पत्रावळी बघायला जाई. सगळ्या लख्ख! एक शीत उरलेलं नसे. त्याचे डोळे भरून येत.

उष्टी काढणारी म्हातारी एकदा म्हणाली, “आचारीबुवा, तुम्ही आलात आन् इथलं कुत्रंसुदिक निघून गेलं. उष्टं म्हणून उरत न्हाई.”

हे ऐकून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पोरांच्या अंगावरचं उतरत होतं, तिकडे त्याचं लक्ष कुठलं!

शेवटच्या रांगेत दूरगावचा एक विद्यार्थी बसे. त्याची पत्रावळ सगळ्यांत स्वच्छ, म्हणून तो आचाऱ्याचा लाडका.

“कसं झालंय रे?” आचारी रोज विचारी.

“फार छान, काका,” तो म्हणे आणि रिकाम्या पत्रावळीकडे बघत राही. पुरलं का, असं आचाऱ्यानं कधी विचारलं नाही.

थंडीत त्या मुलाला ताप आला आणि तीन दिवसांत तो गेला. वैद्य म्हणाले, “ताप साधाच होता. पण झुंजायला अंगात काही उरलंच नव्हतं.”

आचारी म्हातारीपुढे रडू लागला. “माझ्या हातची चव खरी त्यालाच कळायची.”

“चव?” म्हातारी म्हणाली. “भूक व्हती ती, बुवा! कुत्र्याचं सांगितलं ते काय कवतिक व्हतं? कोठार भरलंय आन् पोरं पानं चाटत्यात.”

दुसऱ्या दिवसापासून आचारी “घ्या, आणखी घ्या” म्हणत वाढू लागला. पत्रावळींवर थोडा भात उरू लागला, कुत्रंही परत आलं. शेवटच्या रांगेत एका रिकाम्या जागी तो रोज पत्रावळ मांडी आणि तिच्यावर भाताचा ढीग घाली. ती भरलेलीच परत येई. राजवाड्यात असं ताट बघून तो रुसला होता. आता तो तिच्यापाशी मुकाट्यानं बसून राही.

तात्पर्य: रिकामं ताट बघून खूश होण्याआधी, जेवणाऱ्याला पोट भरलं का ते विचारावं.