पूर्ण विणलेलं घरटं

फार जुन्या काळची, माणसाला अजून धड छप्परही शाकारता येत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका ओढ्यावर झुकलेल्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. नाव सुगरण, पण घरटं विणायचं ते नराने. रीत अशी, की त्याने घरटं अर्धंच विणायचं आणि मादीला साद घालायची. तिने आत बसून, झोके घेऊन बघायचं. तिला पसंत पडलं तरच पुढचं विणकाम.

त्या वस्तीत एक तरुण नर होता. त्याच्या चोचीत मोठी कला होती आणि ती त्याला जरा जास्तच ठाऊक होती.

"अर्धवट काम दाखवायचं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं," तो म्हणायचा. "मी पुरं घरटंच दाखवीन. बघणारीची बोलतीच बंद होईल."

वस्तीतला म्हातारा नर म्हणाला, "बाबा रे, अंडी तुला घालायची नाहीत. जिला घालायची, तिला आधी विचार."

"तिला काय कळतं विणकामातलं?" असं म्हणून तरुण पुन्हा कामाला लागला.

शेजाऱ्यांची घरटी पसंत पडून पुरीही झाली, तरी याचं चाललंच होतं. अखेर झालं एकदाचं. दोन दालनं, लांबलचक नळी, आणि दाराशी ओल्या मातीत बसवलेले काजवे. एक मादी आली, आत जाऊन बसली.

"दालनाला उंबरा नाही," ती म्हणाली. "वारा सुटला की अंडी घरंगळतील."

"पण काजवे बघितलेस का?"

"काजवे अंडी धरून ठेवतात का? उंबरा घाल."

"आता कसा घालू? एक पातं उसवलं तर सगळंच सुटेल."

ती उडून गेली. नंतर आलेल्याही तेच बोलून गेल्या.

इकडे गवत पिवळं पडू लागलं. पाती वाळली की विणकाम संपलं, आणि घरटं नाही तर त्या साली पिल्लंही नाहीत. शेजारच्या घरट्यांतून पिल्लांची चिवचिव ऐकू येऊ लागली. एवढी कला अंगात असून आपलंच घर रिकामं राहणार, हे त्याला सोसेना.

एका सकाळी त्याने स्वतःच्याच चोचीने घरट्याचा देठ तोडला. काजवे कधीच उडून गेले होते. घरटं ओढ्यातून वाहत गेलं. उरल्यासुरल्या हिरव्या पात्यांनी त्याने नवं घरटं अर्धं विणलं आणि साद घातली.

तीच पहिली मादी आली. या वेळी त्याने फुशारकी मारली नाही. विचारलं, "तुला कसं हवं?"

"उंबरा उंच कर. आणि दाराची पाठ वाऱ्याकडे असू दे."

त्याने तसंच केलं. गवत वाळायच्या आत घरटं पुरं झालं. पुढे वादळी वारा सुटला, बाभळ गदागदा हलली, पण त्या घरट्यातलं एकही अंडं घरंगळलं नाही. थोड्याच दिवसांत तिथून इतकी चिवचिव सुरू झाली, की म्हाताऱ्या नराची दुपारची झोप उडाली.

तात्पर्य: वस्तू ज्याच्यासाठी घडवायची, त्याला ती अर्धी असतानाच दाखवावी; पुरी झाल्यावर दाखवली, तर त्याच्याकडे फक्त होकार नाहीतर नकार उरतो.