मातीवाचून पिकलेली भाजी

कुरणगडच्या मंडईत भाजी खपेनाशी झाली आणि त्याचा ठपका लोकांच्या परसातल्या वेलांवर आला.

मंडईचा मक्ता मानाजीरावांकडे होता. मेथीच्या एका जुडीला त्यांनी एवढा भाव लावला की तेवढ्या पैशांत घरी शेरभर ज्वारी आली असती. लोकांनी भांडण केलं नाही. मुकाट्याने परसात वाफे घातले. छपरांवर दोडके चढले, न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू माजलं, फुटक्या घागरींत कोथिंबीर उगवली. मंडईतली वांगी गिऱ्हाइकाची वाट पाहून पाहून सुरकुतली, तेव्हा मानाजीराव राजांकडे गेले.

हैबतराजे मनाने वाईट नव्हते, पण तोंडातून गेलेला शब्द परत घेणं त्यांना कधी जमलं नव्हतं. मानाजीरावांनी त्यांना पटवलं, की गावातली माती सरकारची, म्हणजे मातीतून वर येईल त्यातलं निम्मं सरकारचं. लगेच दवंडी फिरली. घरी भाजी लावणाऱ्याने निम्मी भाजी मंडईत आणून द्यावी, नाहीतर शिपाई येऊन वेल उपटतील.

येसू कासारणीने दवंडी शांतपणे ऐकली. नवरा बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायचा. घरात सासू आणि चार पोरं. वेलाला दिवसाआड एक दोडका यायचा, आणि अर्ध्या दोडक्यात सहा माणसांचं कालवण कसं करायचं, हे दवंडीत सांगितलं नव्हतं. तिने मंडईत काहीच दिलं नाही. चौथ्या दिवशी शिपाई तिला दरबारात घेऊन गेले.

राजांनी विचारलं, हुकूम कळला नाही का? येसू म्हणाली, कळला, पण परवडला नाही. दरबारात कुणीतरी खोकलं. राजांचा चेहरा लाल झाला.

"माती माझी आहे," ते म्हणाले. "मातीवाचून भाजी पिकवता येत असेल तर खुशाल पिकव. सगळी तुझी."

"आणि गावाची?"

"गावाचीही! आठ दिवस देतो. तुझ्या घरात, माझ्या मातीचा कणही न लागता वाढलेली भाजी मला जेवायला वाढ. नाही जमलं, तर गावातला एकूण एक वेल उपटीन आणि तू वर्षभर मंडई झाडशील."

वर्षभर मंडई झाडण्याचं येसूला काही वाटलं नसतं, पण तिच्या एका तोंडापायी गावातले सगळे वेल जाणार होते. घरी ठेवलेल्या धान्याच्या डब्यांची तिने मनातल्या मनात उजळणी केली. तिसऱ्या डब्यापाशी ती थांबली.

"आठ दिवस कशाला, महाराज," ती म्हणाली. "परवा दुपारी जेवायला या."

तिने लबाडी करू नये म्हणून मानाजीरावांनी भिकाजी शिपायाला तिच्या घरी बसवलं. भिकाजी इमानी माणूस. त्याने येसूची नखंसुद्धा तपासली. मग त्याच्यासमोर येसूने दोन ओंजळी मटकी मोजली, धुतली आणि भिजत घातली. सकाळी ती ओल्या फडक्यात घट्ट बांधली आणि खुंटीला टांगली. भिकाजी गाठोड्याखाली पहाऱ्याला बसला. पाणी ठिबकू लागलं तेव्हा त्याने जागा बदलली नाही, फक्त पागोटं काढून मांडीवर ठेवलं. भाजी कुठे लावणार, असं तो मधूनमधून विचारायचा. येसू म्हणायची, बघू.

ठरल्या दिवशी राजे आणि मानाजीराव येसूच्या ओटीवर पाटांवर बसले. येसूने भाकरी वाढली आणि शेजारी मटकीची रसरशीत उसळ. राजांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. चौथ्या घासानंतर त्यांना आपण कशासाठी आलो आहोत ते आठवलं.

मानाजीराव म्हणाले, ही फसवणूक आहे, मटकी तर शेतात पिकते.

"शेतातली मटकी दोन ओंजळी होती," येसू म्हणाली. "तिचा सरकारी वाटा शेतकऱ्याने खळ्यावरच दिलाय. पुढे ती वाढली ती या घरात." तिने उरलेल्या मटकीचं फडकं उलगडून दाखवलं. एकेक मोड बोटाच्या पेराएवढा होता.

राजांनी भिकाजीकडे पाहिलं. भिकाजीने ओल्या डोक्याने साक्ष दिली. दोन ओंजळी आत गेल्या, सहा बाहेर आल्या, मातीचा कण दिसला नाही, पाणी मात्र भरपूर दिसलं.

राजांना पटलं. मानाजीरावांना नाही.

"घर कुणाच्या मातीवर उभं आहे?" त्यांनी विचारलं. "सरकारच्याच ना? मग सरकारच्या मातीवर जे काही वाढलं, त्यातलं निम्मं सरकारजमा झालंच पाहिजे!"

येसूने उसळीचं पातेलं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि अदबीने म्हणाली, "झालंच पाहिजे, मालक. पण तुमचं पोटही याच मातीवर वाढलंय. त्यातलं निम्मं कधी जमा करताय?"

सगळ्यांनी मानाजीरावांच्या पोटाकडे पाहिलं. ते पाटाच्या दोन्ही बाजूंनी उतू गेलं होतं. मानाजीरावांनी श्वास आत ओढला, पण फारसा फरक पडला नाही.

आधी भिकाजी फिसकन हसला. मग राजे हसले, आणि इतके हसले की त्यांना उचकी लागली. येसूने पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन त्यांनी तिथेच हुकूम दिला. निम्म्या भाजीचा कायदा रद्द, मंडईचे भाव उद्यापासून खाली, आणि वाड्याच्या विहिरीलगतची चार गुंठे जमीन येसू कासारणीला कायमची, सारा माफ.

एवढं बोलून राजांनी ताट पुढे सरकवलं आणि आणखी थोडी उसळ मागितली.