गांडुळांचा पोळा

एका गावात एक केवळाबाई राहायची. कामाला वाघीण, पण हात स्वस्थ ठेवणं तिला जमायचंच नाही. झाडाला पाणी घालायची ते झाड बुडेपर्यंत.

शेजारच्या ठकूमावशीनं तिला दोन मुठी गांडुळं दिली. फुटक्या टपात खाली नारळाच्या शेंड्या, वर जुनं शेण अन् भाजीची देठं, त्यावर ओलं गोणपाट. झालं गांडुळांचं घर.

"सावलीत ठेव. गोणपाट ओलं ठेव," मावशी म्हणाली. "मीठ, तेल, शिजलेलं अन्न घालू नको. अन् सारखी उकरू नको, केवळे."

"बस, एवढंच?"

"एवढंच. बाकी त्यांचं ती बघतात."

चार महिन्यांत टप वळवळायला लागला. खत तर चहाच्या भुकटीसारखं. मग पावसात नाल्याचं पाणी ठकूमावशीच्या अंगणात शिरलं अन् तिची सगळी गांडुळं वाहून गेली. आता गल्लीत गांडुळं उरली ती फक्त केवळाबाईच्या टपात.

"पोळा झाला की मला मूठभर दे गं," मावशी म्हणाली.

पोळा! केवळाबाईच्या डोक्यात तेच शिरलं. घरी बैल नव्हते. "हेच माझे बैल," ती म्हणाली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. हिनं टपावरचं मळकं गोणपाट ओढलं, सणाला घाण नको म्हणून न्हाणीमागं फेकलं, अन् टपात वाटीभर तूप-हळद कालवली.

"खांदा सापडला का, बाई?" जाऊ हसून म्हणाली.

"गप बस गं!" केवळाबाईनं हात जोडले. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," असं गांडुळांना म्हणाली.

सकाळी तिनं त्यांना कढत पाण्यानं अंघोळ घातली. टप उन्हात मांडला. वर पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. अहो, गांडुळांना भजी! अन् आत बघितलंसुद्धा नाही, गेली बायकांना ओवाळायला बोलवायला.

बायका आल्या अन् दारातच थिजल्या. काठावरून बाहेर पडलेली गांडुळं फरशीवर शेवयांसारखी वाळली होती. आतली आमटीत फुगून मेली होती. एकही हलेना. एकीनं तोंडाला पदर लावला. एकीच्या हातातलं ताट खाली पडलं.

केवळाबाईचं तोंड पांढरं पडलं. मग ती किंचाळली, "कुणीतरी औषध टाकलं! जिची वाहून गेली, तिच्याच पोटात दुखलं!"

सगळ्यांनी ठकूमावशीकडं पाहिलं.

मावशी खाली बसली. एक मेलेलं गांडूळ उचललं, हुंगलं.

"केवळे, औषधाला तुपाचा वास कधीपासून यायला लागला?"

केवळाबाई तिच्याशेजारी खाली बसली.

"मीच मारली, मावशी. जेवायला बोलावून मारली. अन् नाव तुझं घेतलं."

मावशी उठली. न्हाणीमागं जाऊन तिनं ते फेकलेलं गोणपाट उलटलं. खालच्या ओल्या बाजूला मूठभर गांडुळं चिकटलेली. जिवंत! त्यांना ना तूप मिळालं होतं, ना पुरणपोळी. केवळाबाईचं त्यांच्याकडं लक्ष गेलं नव्हतं, म्हणून ती वाचली.

मावशीनं अर्धी आपल्या ओंजळीत घेतली, अर्धी केवळाबाईच्या ओंजळीत घातली.

"आता मी काय करू गं यांचं?"

"शेणात सोड, झाकून ठेव, अन् घरात जा."

तात्पर्य: ज्याला सांभाळायचं त्याला काय मानवतं ते आधी बघा, आपली हौस त्याच्या ताटात वाढू नका. अन् आपल्या हातून जीव गेला, तर दुसऱ्याचं नाव घेऊ नका.