मागच्या खोलीची मानकरीण

मानकरी हा शब्द आधी नीट समजून घेऊ, कारण पुढची सारी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. ग्रामदेवतेची पालखी निघते तेव्हा पहिला टिळा एका ठरावीक घराला लागतो. त्या घरचा माणूस तो मानकरी. त्याला तो टिळा कुणी खूश होऊन देत नाही आणि तोही मागायला जात नाही. टिळा त्याचाच असतो. इतरांनी एवढेच करायचे, की तो विसरायचा नाही. बक्षिसाचे तसे नसते. ते देणाऱ्याच्या मर्जीतून येते, म्हणून आज येते आणि उद्या येत नाही. बाळांनो, हा भेद मनात धरा आणि माझ्याबरोबर टेकडी चढा.

त्या हिरव्यागार टेकडीवर सायंतारा नावाचे निवासस्थान होते. दुधासारख्या पांढऱ्या भिंती, शेंदरी कौले, निळ्या काचांच्या इवल्या इवल्या खिडक्या. तिथे चाळीस आजी-आजोबा राहत. सकाळी ते बागेत फुले वेचत, दुपारी सोंगट्या खेळत, आणि एखादे आजोबा हरू लागले की खोकल्याचे निमित्त करून सारा पट उधळून देत.

पण सायंताऱ्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिच्यात पाच खाटा होत्या. ज्यांना आता उठता येत नव्हते असे पाच जण तिथे असत; तात्या त्यांतलेच एक. त्यांना अंघोळ घालणारी, त्यांची कूस पालटणारी, चोचीच्या बोंडल्याने घोट घोट पेज पाजणारी बाई एकच होती. तिचे नाव शेवंता. तिची नऊ वर्षांची लेक म्हणजे बकुळा. मायलेकी कुंपणालगतच्या खोपटात राहत. बकुळाचा परकर तीनदा फाटून तीनदा शिवलेला होता, आणि त्याच्या किनारीवर मूळची नक्षी कोणती आणि ठिगळ कोणते, हे आता तिलाही सांगता आले नसते.

सायंताऱ्यात एक रीत होती. दर वसंतपंचमीला सारे मंडपात जमत. प्रत्येक आजी-आजोबा सेवकांपैकी एकाचे नाव मोठ्याने घेत. ज्याचे नाव सर्वांत जास्त वेळा निघे तो त्या वर्षाचा मानकरी. त्याला पोपटी शेला आणि पहिला विडा. रीत गोड होती, पण तिला काटे होते. नाव मंडपात येऊनच घ्यावे, असा एक नियम. लागोपाठ तीन वर्षे ज्याचे नाव कुणीच घेतले नाही त्याने टेकडी उतरावी, असा दुसरा.

मागच्या खोलीतले पाच जण मंडपात येत नसत. पुढच्या मंडळींनी शेवंताला कधी धड पाहिलेही नव्हते, कारण ती मागच्या दाराने येई आणि मागच्याच दाराने जाई. दोन वर्षे तिचे नाव कुणाच्या ओठी आले नाही. उद्या तिसरी वसंतपंचमी होती.

"बकू, ती पेटी पुसून ठेव. उद्या लागेल," शेवंता म्हणाली.

"आई, तू पंतकाकांना सांग ना." पंतकाका म्हणजे निवासाचे व्यवस्थापक, नरहरपंत.

"काय सांगू? माझं नाव घ्या म्हणून? तोंडाने मागितलेलं नाव काय कामाचं गं."

"मग तात्यांना पेज कोण पाजणार?"

शेवंताने पेटी स्वतःच पुसायला घेतली.

दुपारी बकुळा बागेतल्या हौदावर बोंडली घासत होती. शेजारी वाटीत तिच्या वाटणीचे दूध होते. मधुमालतीच्या वेलाखाली तिला एक पिवळे फुलपाखरू दिसले. त्याचे पंखुले ओल्या चिखलाला चिकटले होते. बकुळाने ते हलकेच सोडवले, बोंडल्याच्या चोचीतून त्याच्यापुढे दुधाचा थेंब धरला, आणि ते प्यायले तशी वाटीतले सारे दूध त्या चोचीने थेंबाथेंबाने त्याला पाजले. शेवटच्या थेंबाला फुलपाखरू झळाळले. गुलाबी, केशरी, चंदेरी ठिणग्यांचा एक भोवरा फिरला, आणि वेलाच्या झुपक्यावर बोटभर उंचीची परी बसलेली दिसली. तिच्या झग्याला दवबिंदूंच्या गुंड्या होत्या.

"गुणी बाळा, तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन," परी म्हणाली. "पण नियम ऐक. स्वतःसाठी काही मागायचे नाही. आणि मागताना गुडघे टेकून, हात पसरून मागायचे."

"गुडघे कशाला?"

"देणाऱ्यापुढे टेकतातच."

बकुळाने परकरावर हात पुसले. "उद्या मंडपात माझ्या आईचं नाव घेतलं जावं. पण मी गुडघे टेकणार नाही. तिचं नाव काही तुझ्या घरचं नाही, तू द्यायला."

तीनशे वर्षांत परीपुढे मुले रडली होती, लाजली होती, हरखली होती. वाद कुणी घातला नव्हता. तिला राग आला, आणि रागापेक्षा नवल अधिक वाटले.

"बरे, गुडघे राहू देत. ही छडी फिरवली की उद्या सगळ्यांच्या तोंडून शेवंता हेच नाव निघेल."

"सगळ्यांच्या? ते तर तिला ओळखतही नाहीत."

"त्यांनी ओळखायचे काय कारण? जिभा माझे ऐकतील."

"मग ते पोपटासारखं होईल. माळीदादांचा पोपट राम राम म्हणतो, आणि म्हणता म्हणताच फांदीवर घाण करतो."

परीला हसायचे नव्हते, तरी ती हसली. "मग तुझ्या आईसाठी टेकडीखाली सोन्याच्या कौलांचे घर बांधते. इथली गरजच उरणार नाही."

"तिला उरणार नाही. तात्यांना उरेल ना."

"मोठी चिवट आहेस."

"तू त्या पाच जणांचे पाय बरे कर. मग ते आपले चालत जातील."

परीने मान हलवली. तिच्या केसांतून चांदीचा चुरा सांडला. "ते मला येत नाही, बाळा. म्हातारपण म्हणजे काही धूळ नव्हे, छडीने झटकायला."

"मग ठेव तुझ्या इच्छा तुझ्यापाशीच," बकुळा म्हणाली आणि तिने बोंडली उचलली. "मीच त्यांना मंडपात नेते."

"पण नियम?"

"त्यांनी यायचं नाही, असा नियम नाही. त्यांना कुणी आणत नाही, एवढंच."

वसंतपंचमीची सकाळ हळदीसारखी पिवळीधमक उजाडली. मंडपाला झेंडूच्या माळा होत्या. आजोबांनी पिवळी उपरणी घेतली होती, आज्यांनी केसांत शेवंतीची फुले माळली होती. आत नावे सुरू झाली, आणि बकुळा मागच्या खोलीत शिरली. चाकांची खुर्ची तिथे एकच होती.

"तात्या, मंडपात चलता?"

तात्यांचे वय अठ्ठ्याऐंशी. "मी? सदरा बघ माझा. पेजेचा डाग आहे."

"मग तो दाखवायलाच चला. पेज कुणी पाजली ते लोकांना कळू दे."

तात्यांनी सदरा सारखा केला. मग म्हणाले, "टोपी दे माझी."

आईने शिकवल्याप्रमाणे तिने खुर्ची खाटेला भिडवली, तात्यांना खांद्याचा आधार दिला आणि त्यांना सरकवून घेतले. खुर्ची ओसरीवरून खडखडत निघाली आणि मंडपाच्या दगडी उंबरठ्याला अडली. बकुळाने रेटा दिला, चाक हलेना. तिने पुन्हा रेटले, तेव्हा तिची बोटे चौकटीवर खरचटली.

आतून नरहरपंत आले. "बकुळे, हे काय चाललंय? मागच्या मंडळींना त्रास होतो. परत ने त्यांना."

"त्रास त्यांना होतो की तुम्हाला, काका?"

नावे घेणारे आवाज थांबले. पंतांनी दारात हात आडवा धरला. बकुळाने खुर्ची सोडली नाही. ती मागे सरली नाही आणि रडलीही नाही. फक्त त्या आडव्या हाताकडे बघत उभी राहिली.

गलका ऐकून शेवंता धावत आली. "बकू, सोड. जाऊ दे ते." तिने तात्यांकडे पाहिले. टोपी तिरकी झाली होती. तिने ती सरळ केली, पदर खोचला, आणि खुर्चीची उजवी बाजू धरली. माळीदादांनी फुलांची पाटी खाली ठेवली आणि डावी बाजू धरली.

"पंत, हात काढा," माळीदादा शांतपणे म्हणाले. "चाक लागेल."

पंतांनी हात काढला. खुर्ची उचलली गेली आणि मंडपात उतरली. मग रिकामी परत गेली. अशा पाच खेपा झाल्या, आणि त्या होईपर्यंत मंडपात एकानेही पुढचे नाव घेतले नाही.

पंत घसा साफ करून म्हणाले, "रीतीप्रमाणे मागच्या खोलीतला आवाज धरत नाहीत."

"पाय गेलेत माझे, पंत. जीभ शाबूत आहे," तात्या म्हणाले. मंडपात खसखस पिकली. "रीत कुणी पाडली, ठाऊक आहे ना?"

"आपणच, तात्या. तीस वर्षांपूर्वी."

"हो. मंडपात येऊनच नाव घ्यावे, हे मी लिहिले. तीन वर्षांचे कलमही माझेच." तात्यांनी आपल्या पायांकडे पाहिले. "तेव्हा मला पाय होते."

मग तात्यांनी श्वास भरून घेतला आणि स्पष्ट शब्दांत नाव घेतले, "शेवंता."

"शेवंता," त्यांच्या शेजारून द्वारकाआक्का म्हणाल्या. "आणि पेजेत मीठ कमी असतं, तेही लिहून घ्या."

उरलेल्या तिघांनीही तेच नाव घेतले. एकांनी फार हळू, म्हणून त्यांनी ते दोनदा घेतले. तात्यांनी तीन वर्षांचे कलम तिथेच खोडायला लावले. नावे मोजली तेव्हा मंडपात भजने म्हणणारा सेवक केशव नेहमीप्रमाणे पुढे होता, आणि पोपटी शेला त्याच्या खांद्यावर पडला. तो त्याने प्रामाणिकपणे मिळवला होता.

पंत ओशाळले होते. त्यांनी बकुळापुढे केशरी बर्फीची वडी धरली. "धिटुकली आहेस. घे, तुला बक्षीस."

बकुळाने हात पाठीमागे घेतले. "मला नको. पहिला विडा आईला द्या."

पंत घुटमळले. तेवढ्यात एका आजोबांची काठी फरशीवर आपटली. ठक. मग दुसरी, मग दहावी. केशवच्या हाती काठी नव्हती, म्हणून त्याने झांज वाजवली. साऱ्या मंडपात काठ्यांचा ठेका उठला, आणि पंतांनी तबकातला पहिला विडा उचलून शेवंतापुढे धरला. तिने तो ताठ उभी राहून दोन्ही हातांनी घेतला.

"तात्यांची कूस पालटायची वेळ झाली," ती म्हणाली, आणि तिने विडा कमरेला खोचला. मागच्या दाराने नव्हे, पुढच्या दाराने ती तात्यांना खुर्चीवर घेऊन निघाली.

खिडकीच्या निळ्या काचेवर परी बसली होती. "बकुळा, तिन्ही इच्छा शिल्लक आहेत. आता तरी काही माग."

"आता काय मागू? झालं की."

"मला भरल्या हातांनी कुणी परत पाठवले नव्हते," परी म्हणाली. तिचे डोळे लुकलुकत होते. मग तिच्या पंखांतून सोनेरी, गुलाबी, हळदुला प्रकाश पाझरू लागला, काच क्षणभर पुष्कराजासारखी उजळली, आणि त्या उजेडात परी विरून गेली.

ही गोष्ट पुढे घरोघर गेली आणि जाता जाता बिघडली. हल्ली सांगतात, की उंबरठ्याशी परीने छडी फिरवली, खुर्चीला पंख फुटले आणि ती तरंगत मंडपात उतरली. तसे घडलेले नाही. खुर्ची पाच वेळा उचलावी लागली. डावीकडून माळीदादांनी उचलली, उजवीकडून शेवंताने, मागून बकुळाने, आणि चौथ्या खेपेला द्वारकाआक्का म्हणाल्या, "सावकाश रे, मी पोतं नव्हे." परी तेव्हा खिडकीत बसून नुसती बघत होती. त्या तिघांनी केलेले काम तिच्या नावावर घालणे, ही सांगणाऱ्यांची चूक आहे.